साखरेच्या हिशेबात कंबरही येऊ द्या

प्रति,
माननीय साखर आयुक्त,
महाराष्ट्र राज्य,
साखर संकुल, शिवाजीनगर, पुणे



मी बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगारांची मुलगी आहे आणि गेली पंधरा वर्षं फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते. माझ्याकडे येणाऱ्या बायकांच्या पाठीला हात लावला की बहुतेक वेळा न विचारताच कळतं, ही बाई किती हंगाम तोडीला गेली असेल. आपल्याला हे पत्र लिहावं असं बऱ्याच दिवसांपासून मनात होतं. पुढचा गळीत हंगाम सुरू होण्याआधी ते आपल्यापर्यंत पोचावं, म्हणून आज लिहायला बसले.

लहानपणी दिवाळी झाली की आमचं घर बंद व्हायचं आणि आम्ही टोळीबरोबर निघायचो. कारखान्याच्या माळावर पाचटाची कोपी उभी राहायची. पहाटे तीन-चारला आई उठायची. आधी ती कुशीवर वळायची, मग गुडघे पोटाशी घ्यायची आणि मधल्या मेढीला दोन्ही हातांनी धरून, हातांच्या जोरावर स्वतःला वर ओढून घ्यायची. उभी राहिल्यावरही चार पावलं वाकूनच चालायची. चुलीपाशी जाईपर्यंत हळूहळू सरळ व्हायची. मला वाटायचं, सगळ्यांच्या आया अशाच उठतात. तेव्हा तिने तिशीही ओलांडली नव्हती, हा हिशेब मी पुढे कॉलेजात मणक्याचा अभ्यास करताना मांडला.

आपल्या कार्यालयात साखरेचा हिशेब किती बारकाईने ठेवला जातो, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. कोणत्या कारखान्याने किती टन गाळप केलं, उतारा किती पडला, शेतकऱ्यांची एफआरपी, म्हणजे उसाच्या किमान दराची रक्कम, किती थकली, सगळं कळतं. उताऱ्याचा आकडा तर दशांश चिन्हापुढे दोन घरांपर्यंत असतो. या सगळ्या रकान्यांत ज्या कमरेवर तो ऊस तुटतो आणि गाडीत चढतो, तिचा रकाना कुठेच नाही. तो रकाना सुरू व्हावा, एवढीच माझी विनंती आहे. ती कंबर सावरणारी, अंगात घालायची साधनं आज जगात आहेत. आपल्या फडात ती कशी यावीत आणि कशी येऊ नयेत, हे सांगण्यासाठी हे पत्र आहे.

आधी शरीरात काय होतं, ते सांगते. ऊस बुडातून तोडावा लागतो, कारण साखर बुंध्याकडे जास्त असते आणि खोडव्याचा फुटवाही त्यावरच ठरतो. म्हणून तोडणाऱ्याला प्रत्येक घावासाठी जमिनीपर्यंत वाकावं लागतं. पंचेचाळीस किलो वजनाची बाई अशी वाकते, तेव्हा तिचं डोकं, हात आणि धड मिळून पंचवीस किलोंहून अधिक वजन कमरेच्या मणक्यापुढे वीतभर अंतरावर लोंबकळत राहतं. ते तोलून धरणारे पाठीचे स्नायू मात्र मणक्याच्या मागे अडीच-तीन बोटांवर असतात. पुढे वीतभर आणि मागे अडीच-तीन बोटं, असा हा तराजू आहे. तो समतोल राखायचा तर स्नायूंना पाचपट ओढ लावावी लागते, म्हणजे सव्वाशे किलोंच्या पुढे. ती ओढ आणि वरचं वजन मिळून मणक्यांमधल्या गादीवर जवळपास दीड क्विंटलाचा दाब येतो. हातात अजून काही घेतलेलंही नसतं. स्वीडनमध्ये आल्फ नाखेमसन यांनी 1960च्या दशकात माणसांच्या मणक्यांमधल्या गादीत सुई घालून हा दाब प्रत्यक्ष मोजला. उभं राहण्यापेक्षा पुढे वाकल्यावर तो किती वाढतो, हे तेव्हापासून वैद्यकशास्त्राला माहीत आहे.

आता दिवसाचा हिशेब मांडा. नवरा-बायकोची जोडी, जिला आपल्याकडे एक कोयता म्हणतात, दिवसाला दीड-दोन टन ऊस तोडते. एक ऊस किलो-दीड किलोचा धरला तर हजार ते दोन हजार ऊस होतात. तो नुसता तोडून भागत नाही. पाचट काढायचं, शेंडा छाटायचा, वाढं वेगळं करायचं, मोळी बांधायची. मग डोक्यावर चुंबळ ठेवून ती मोळी उचलायची आणि फळीवरून चढून ट्रकमध्ये टाकायची. मोळी तीस किलोचीच धरली तरी दोन टनांसाठी पासष्टच्या वर खेपा होतात. यातल्या किती खेपा बाईच्या डोक्यावरून होतात, हे आपण एखाद्या डोकी सेंटरवर, म्हणजे डोक्यावरून गाडी भरतात तिथे, उभं राहून स्वतः मोजावं. गरोदर बाईलाही यातून सूट नसते, कारण तिने दिवस बुडवला की खाडा, म्हणजे दंड, लागतो आणि तो उचलीत, म्हणजे आगाऊ घेतलेल्या रकमेत, मिळवला जातो.

या कामाने बायकांच्या शरीराचं काय केलं, याचा एक भाग सरकारसमोर आलेला आहे. बीडमधल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न 2019 साली गाजला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तो प्रश्न गंभीरच होता. पण त्या चर्चेत पाठ, मान, गुडघे मागेच राहिले. ओटीपोटातल्या दुखण्याच्या कितीतरी कहाण्या ओझं आणि वाकणं यांपाशी सुरू होतात, हे मी रोज बघते.

आता उपायाकडे येते. जपानमधले शेतकरी म्हातारे होत चालले, तेव्हा तिथल्या संशोधकांनी हा प्रश्न शेतीचा म्हणून हातात घेतला. द्राक्षाच्या मांडवाखाली तासन्‌तास हात वर करून काम करणाऱ्यांसाठी कुबोटा कंपनीने 2013च्या सुमारास हातांना खालून आधार देणारं जाकीट बाजारात आणलं. टोकियो विज्ञान विद्यापीठातल्या संशोधनातून पाठीवर घालायचं ‘मसल सूट’ निघालं. त्याचं बिनबॅटरीचं, हाताने पंप मारून नळ्यांत हवा भरायचं मॉडेलही आलं. वाकलं की त्या नळ्या ताणल्या जातात आणि उठताना माणसाला मागे ओढतात. अमेरिकेत व्हँडरबिल्ट विद्यापीठातल्या संशोधनातून तर नुसत्या कापडाचं आणि लवचीक पट्ट्यांचं जाकीट तयार झालं. खांद्यापासून मांडीपर्यंत पाठीवरून पट्टे जातात, वाकताना ताणतात, उठताना साथ देतात.

यामागचं तत्त्व गावातल्या सुताराला किंवा लोहारालाही सांगितल्याबरोबर समजेल. आपला स्नायू मणक्याच्या मागे अडीच-तीन बोटांवर ओढतो. हा पट्टा पाठीच्या बाहेरून जात असल्यामुळे त्याला जवळपास दुप्पट अंतर मिळतं, म्हणून थोड्या ताणात तो जास्त भार पेलतो. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी 2016 साली तोवरच्या प्रयोगांचा आढावा घेतला. बिनमोटरच्या अशा साधनांमुळे पाठीच्या स्नायूंचं काम 10 ते 40 टक्क्यांनी कमी होतं, असं त्यात दिसलं. हे प्रयोग मुख्यतः प्रयोगशाळेतले होते. शेतात, वर्षानुवर्षांच्या वापराने दुखणं किती कमी होतं, याचा पुरावा अजून तोकडा आहे. म्हणूनच हा प्रयोग आपल्या फडात व्हायला हवा.

मागच्या हिवाळ्यात काही विद्यार्थ्यांनी बनवलेलं असं एक जाकीट घेऊन मी एका फडावर गेले. माझ्याच वयाच्या एका बाईने ते घातलं. अंगात साडी, तिच्यावर नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा सदरा आणि त्यावर आमचं जाकीट. पंधरा-वीस मिनिटं ती तोडत राहिली. मग मान वर करून म्हणाली, “ताई, वाकल्यावर कुणीतरी मागून धरल्यागत वाटतंय.” मला भरून आलं. माझ्या आईला उभ्या आयुष्यात कामावर कुणी मागून धरलं नव्हतं. थोड्या वेळाने तिने मोळी बांधली, चुंबळ ठेवली, मोळी डोक्यावर घेतली, फळी चढली आणि उतरून माझ्यासमोर येऊन उभी राहिली. “आन्‌ हिथं ह्याचा काय उपेग?” असं विचारून तिने मानेवर हात ठेवला.

तिच्या या एका प्रश्नाने मला जे शिकवलं, ते मी आपल्यापुढे ठेवते. वाकणं सुसह्य करणारं साधन डोक्यावरचं ओझं हलकं करत नाही. तो भार मानेतून सरळ कमरेत उतरतो आणि कोणत्याही जाकिटाची पट्टी त्याला अडवू शकत नाही. त्यावर उपाय एकच, मोळी लहान करणं आणि ती गाडीत चढवायला यंत्र देणं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 1967 सालीच धडधाकट पुरुषाच्या ओझ्यालाही 55 किलोंची मर्यादा सुचवली होती आणि बायकांचं ओझं त्याहून बरंच कमी असावं असं म्हटलं होतं. आपल्या फडात मोळीचं वजन ठरवणारं कुणीच नाही. गाडी भरायची घाईच ते ठरवते.

त्या दिवशी आणखीही काही कळलं. मांडीला बांधायचे पट्टे पँटवर बेतलेले होते, साडीवर ते सरकत होते. सकाळी अकरानंतर जाकिटाखाली घामाची धार लागली. लघवीला जायचं म्हटल्यावर तिला सहा बकलं सोडावी लागली आणि परत घालायला माझी मदत लागली. जिथे आडोसाही धड नसतो आणि वेळ तर नसतोच, तिथे जे साधन एका हाताने सुटत नाही ते तिसऱ्या दिवशी कोपीच्या कोपऱ्यात पडणार. त्यात चूक बाईची नाही. साधन बनवताना तिला कुणी विचारलंच नव्हतं आणि त्यात मीही आले.

एक धोक्याची सूचना इथेच देते. असं पत्र वाचून एखाद्या कारखान्याला वाटेल, औषधाच्या दुकानात मिळणारे कमरेचे पट्टे घेऊन कार्यक्रमात वाटून टाकू. कृपया तसं होऊ देऊ नका. अमेरिकेच्या कामगार आरोग्य संस्थेने, निऑशने, 1994 सालीच अशा पट्ट्यांची तपासणी केली. धडधाकट कामगाराची पाठ त्यांनी वाचते याला पुरावा नाही, असा निष्कर्ष काढला. पोट आवळणारा पट्टा आणि पाठीचा भार वाटून घेणारं जाकीट या वेगळ्या वस्तू आहेत. पहिल्याने फक्त सुरक्षित असल्याचा भास होतो आणि त्या भरवशावर माणूस आणखी जड मोळी उचलतो.

याहून मोठा धोका मजुरीच्या पद्धतीत आहे. तोडणी टनावर असते. जानेवारी 2024च्या करारात दरात 34 टक्के वाढ झाली आणि तो टनाला 366 रुपयांच्या आसपास गेला. ती वाढ हवीच होती. पण उचल अंगावर असलेल्या जोडीची पाठ जाकिटामुळे कमी दुखली, तर ती जोडी आराम करणार नाही, आणखी अर्धा टन तोडेल. मुकादमही तेच मागेल. मग पाठीने वाचवलेलं सगळं टनांत वाहून जाईल आणि दोन वर्षांनी कुणीतरी म्हणेल, साधन देऊनही काही फरक पडला नाही. साधनाबरोबर विसावा आला नाही, तर ते साधन फक्त जास्त ऊस तोडून घेण्याची सोय ठरेल.

हे टाळता येतं, याचं उदाहरण आहे. एल साल्वादोरमध्ये ऊसतोड कामगारांमध्ये मूत्रपिंडाचे विकार फार वाढले होते. तिथे 2014-15च्या हंगामात एक प्रयोग झाला. कामगारांना पाठीवर घ्यायची पाण्याची पिशवी दिली, तिची नळी तोंडाशी येते. सरकवता येईल असा सावलीचा मंडप फडात नेला, ठरावीक वेळेला सक्तीची विश्रांती ठेवली आणि कोयत्याची बनावटही सुधारली. तोड कमी होईल अशी भीती होती, प्रत्यक्षात ती वाढली. पाठीवरचं पाणी आणि डोक्यावरची सावली यांनाही मी अंगावरची साधनंच म्हणते. ती आपल्याकडे उद्यापासून देता येतील, त्यांना कुठल्या संशोधनाची वाट पाहावी लागत नाही.

पैशाचा प्रश्न येईल, म्हणून त्याबद्दलही बोलते. ऊसतोडणी यंत्रांसाठी 2023 साली 900 यंत्रांची योजना आली, प्रत्येक यंत्राला 35 लाखांपर्यंत अनुदान. एका जाकिटाला समजा पाच हजार रुपये पडले, तर एका यंत्राच्या अनुदानात 700 पाठी सावरता येतील. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी टनामागे 10 रुपये आणि तेवढेच सरकारने द्यायचे, असं ठरलेलं आहे. चांगल्या हंगामात राज्यात 10 कोटी टनांच्या आसपास ऊस गाळला जातो. मग नुसत्या कारखान्यांच्या वाट्याचेच 100 कोटी होतात. एका नीट आखलेल्या प्रयोगाला यातला लहानसा हिस्सा पुरेल.

कुणी म्हणेल, दहा वर्षांत सगळी तोडणी यंत्रावर जाईल, मग हा खटाटोप कशाला? यंत्र येतंय, यावंही. पण लहान तुकड्यांत, ओल्या रानात, आडव्या पडलेल्या उसात आजही कोयताच जातो. आणि समजा दहाच वर्षं उरली, तरी आज अठरा वर्षांची असलेली सून त्या दहा वर्षांत अठ्ठावीसची होईल. माझी आई मेढ धरून उठायची, ते याच वयात.

म्हणून माझ्या मागण्या अशा आहेत.

येत्या दोन हंगामांत राज्यात निदान चार-पाच सेंटरांवर याचा खुला प्रयोग व्हावा. मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट उसाचं शास्त्र जाणते. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात शेतकरी महिलांचे श्रम कमी करणाऱ्या साधनांवर अनेक वर्षं काम चाललं आहे. या दोन्ही संस्थांनी फिजिओथेरपिस्टांना सोबत घेऊन हा प्रयोग चालवावा. जाकीट बाहेरून आणून थोपवू नये. साडी आणि सदरा अंगात असलेल्या बाईच्या मापाने, सुती कापडात, एका ओढीने सुटेल असं ते इथेच शिवावं. ते बनवणाऱ्या गटात ऊसतोड महिला असाव्यात आणि त्या दिवसांची मजुरी त्यांना मिळावी. बैठकीला बोलावून त्यांचा दिवस बुडवणं हाही खाडाच आहे.

मोळीच्या वजनाला मर्यादा ठरवावी. बाईसाठी ती वेगळी आणि कमी असावी. गरोदर आणि ओल्या बाळंतिणीच्या डोक्यावर मोळी चढूच नये. जिथे रस्ता आहे तिथे गाडी भरायला लोडर देणं ही कारखान्याची जबाबदारी धरावी. साधनाची किंमत कोणत्याही रूपात उचलीत धरली जाऊ नये आणि त्याच्या नावाखाली दर कमी किंवा तोड जास्त मागितली जाऊ नये, हे करारात लिहिलं जावं.

आणि शेवटची मागणी त्या रकान्याची. हंगामाच्या सुरुवातीला आणि पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, प्रत्येक सेंटरवर पाठ, मान आणि गुडघ्यांची साधी तपासणी व्हावी. किती जणींना वाकता येत नाही, किती जणींच्या पायाला मुंग्या येतात, किती जणी रात्री कुशीवर वळताना जाग्या होतात. हे आकडे गाळपाच्या आकड्यांशेजारी, मराठीत, जाहीर व्हावेत. प्रयोग फसला तर तेही तिथेच दिसावं. ज्याची नोंद होते त्याची विचारपूस होते, हे आपल्या खात्याइतकं कुणाला माहीत असणार?

आमच्या कोपीत रोज पहाटे वडील कोयत्याला कानस लावायचे. बोथट कोयत्याने घाव दुप्पट घालावे लागतात, म्हणून आधी त्याची काळजी घ्यायची, हा आमच्या घरातला नियम होता. करारात नवरा-बायको दोघं मिळून एक कोयता मोजले जातात. निदान त्या कोयत्याइतकी तरी निगा ते धरणाऱ्या शरीराची व्हावी.

माझी आई आता साठीला आली आहे, तोड कधीच सुटली. अजूनही ती पलंगावरून उठताना आधी कुशीवर वळते आणि आधारासाठी हात पुढे करते. तिथे आता मेढ नसते, बहुतेक वेळा माझा हात असतो. तिच्यासाठी हे पत्र उशिराचं आहे. पण या दिवाळीनंतर ज्या मुली पहिल्यांदा कोपीत झोपतील, त्यांच्यासाठी नाही. डिसेंबरात एकदा पहाटे चार वाजता आपण माझ्याबरोबर एखाद्या माळावर यावं, ही माझी मनापासून विनंती आहे. भाषण नको, सत्कार नको. कोप्यांमधून बायका कशा उठतात, तेवढं शांतपणे पाहावं आणि पट्टा पडायच्या आठवड्यात पुन्हा यावं. या दोन पहाटांमध्ये जो फरक दिसेल, तोच आपल्या नव्या रकान्यातला पहिला आकडा असेल.

आपली विश्वासू,
एका ऊसतोड कामगाराची मुलगी